आयपीव्ही६ बंद न करता

एप्रिल २०१९. गोव्यात लोकसभेच्या प्रचाराचे भोंगे वाजत होते आणि आमच्या फोंड्याच्या ऑफिसात चर्चा सीव्हीई-२०१८-१९२९९ची, म्हणजे राउटरमधल्या आयपीव्ही६च्या (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या) एका सुरक्षा-त्रुटीची. आम्ही छोटे इंटरनेटवाले. बहुतेक राउटर मायक्रोटिक कंपनीचे, त्यांच्यातलीच ही त्रुटी.

शेट म्हणाले, "आयपीव्ही६ वापरतं कोण आपल्याकडे? बंद करून टाक."

पॅच, म्हणजे दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर, येईपर्यंत खात्रीचा उपाय तोच होता. पण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ग्राहकाला आम्ही आयपीव्ही६ दिलं होतं, आणि दिलेलं काढून घेणं मला पटेना.

ही त्रुटी चमत्कारिक होती. राउटरमध्ये घुसायची गरजच नाही. त्याच्यातून पलीकडे जाणारी पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पुरेशी. प्रत्येक पाकीट नव्या पत्त्यावर पाठवायचं. राउटर प्रत्येक पत्त्याची नोंद रूट कॅशमध्ये, म्हणजे वाटांच्या तात्पुरत्या यादीत, ठेवतो. आयपीव्ही६च्या एका नेहमीच्या आकाराच्या (/६४) जाळ्यात २ चा ६४ वा घात इतके पत्ते, आणि लहान राउटरची रॅम ६४ एमबी! रॅम संपली की वॉचडॉग, म्हणजे राउटरमधलाच पहारेकरी, राउटर रीस्टार्ट करतो. राउटरवर येणाऱ्या पाकिटांसाठी लिहिलेले फायरवॉलचे नियम इथे उपयोगाचे नाहीत, कारण ही पाकिटं त्याच्यासाठी नसतातच.

मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ६.४४.२ मध्ये कॅशची मर्यादा रॅमच्या मानाने ठरवली गेली. ती आधी टेबलावरच्या सुट्या राउटरवर चढवली, लॅपटॉपवरून नव्या नव्या पत्त्यांचा मारा केला. मोकळी रॅम झरझर उतरली, माझा जीव खालीवर झाला, मग आकडा एका जागी थांबला. राउटर चालूच.

मग खरं काम. प्रत्येकाचं कॉन्फिगरेशन उतरवून घेतलं. काही लहान डब्यांत जागा नव्हती, तिथल्या जुन्या फायली काढल्या. क्रम मात्र उलटा: आधी सावईवेरे, केरी अशी लांबची टोकं, ऑफिसचा मुख्य राउटर शेवटी. जवळचा आधी अडकला तर लांबच्यापर्यंत पोचायची वाटच बंद. अपडेट चालू असताना वीज गेली तर काय, म्हणून प्रत्येक ठिकाणची बॅटरी तपासूनच पुढे सरकलो. एप्रिलात वळवाचा भरवसा नाही.

कुंडईच्या ग्राहकाला मध्यरात्रीची वेळ आधीच कळवली होती. त्याची जोडणी जेमतेम दोन मिनिटं तुटली. कळवलं नसतं तर त्याला पत्ताही लागला नसता. कळवलं म्हणून त्याने त्या महिन्याच्या बिलात सूट मागितली. शेटनी दिली नाही.