नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन लागलं की माझ्या घरच्या टायपिंगला बरे दिवस येतात. एरवी वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मधूनच लग्नाचा एखादा बायोडाटा. अधिवेशनात मात्र निवेदनंच निवेदनं. मोर्चा घेऊन गावोगावची माणसं येतात आणि प्रत्येकाला वरती 'मा. मंत्रीमहोदय' लिहिलेला नीटनेटका कागद हवा असतो. यंदा सोमवारी संध्याकाळी सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांपैकी एक काका घरी आले. गेल्या वर्षीचं निवेदन त्यांच्या मोबाइलमध्ये पीडीएफ होतं. "ताई, तारखा बदला, दोन मागण्या वाढवा, बास. बुधवारी सकाळी न्यायला येतो."

चार पानं पुन्हा कोण टाइप करणार, म्हणून मी पीडीएफचं वर्ड करून देणारं काहीतरी फुकटातलं शोधायला बसले. सापडलं. त्या पानावर डाऊनलोडची तीन बटणं होती. सगळ्यात मोठं, हिरवंगार होतं ते मी दाबलं. ती जाहिरात होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश. भिंतीवर एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे माझ्या, तरी.

अर्ध्या तासात कॉम्प्युटरचा बैल बसला. वर्ड उघडायला चहा होईल एवढा वेळ. ब्राउझर उघडला की ओळखीचं पान जाऊन कुठलंसं शोधयंत्र. उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल डबा: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, आत्ताच काढा. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या कन्व्हर्टरने पहिल्या पानानंतर पैसे मागितले.

मंगळवारी सकाळी बर्डीच्या नेहमीच्या दुकानात फोन केला. त्यांचं औषध एकच असतं. "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." पण घेऊन जाणार कसं? मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडवलेले, रस्ते वळवलेले, सीपीयू मांडीवर घेऊन ऑटोत किती फिरायचं. शेवटी पुण्याला भाच्याला फोन लावला.

"मावशी, काय करून राहिली होती तू? नेक्स्ट-नेक्स्ट दाबत गेली न?"

"मग काय दाबायचं होतं?"

"कस्टम. तिथे बारीक टिकमार्क असतात. तू एक नाही, पाच गोष्टी बोलावल्या घरात."

मी म्हटलं, काढल्या की मी. डेस्कटॉपवरची तिन्ही नवी चित्रं डिलीट केली. तो हसला. मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. डेस्कटॉपवरचं चित्र म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून भाडेकरू जात नाही. इतकी वर्षं मी पाट्याच काढत आले होते.

त्याने सगळ्यात आधी रिस्टोअर पॉइंट बनवायला लावला, म्हणजे काही बिघडलंच तर कॉम्प्युटर त्या क्षणाच्या स्थितीत परत नेता येतो. माझ्याकडे सिस्टम प्रोटेक्शन बंदच होतं, ते चालू करून घेतलं. मग सेटिंग्जमधलं ॲप्स उघडायला सांगितलं. ती यादी मी पूर्वी पाहिली होती आणि घाबरून बंद केली होती, कारण शंभरेक नावं आणि ओळखीची दहा. या वेळी त्याने एक युक्ती सांगितली, तिने एकटीने माझा अर्धा दिवस वाचवला. यादी नावाने न लावता इन्स्टॉलच्या तारखेने लाव. लावली. सोमवारच्या तारखेची पाच नावं एकाखाली एक, रांगेत उभी: कन्व्हर्टर, एक 'बूस्टर', हवामान सांगणारं काहीतरी, एका अँटिव्हायरसची महिनाभराची ट्रायल आणि 'अपडेटर' नावाचा एक मोघम माणूस.

कन्व्हर्टरला अनइन्स्टॉल म्हटलं तर खिडकी उघडली. तिच्यात रडकं तोंड काढलेलं, खाली मोठं निळं बटण. मी दाबणारच होते. भाचा म्हणाला, वाच आधी. त्यावर 'ठेवा' या अर्थाचं काहीतरी इंग्रजीत होतं. काढून टाकण्याचा रस्ता त्याच्याखाली फिकट राखाडी अक्षरांत, चष्मा लावून दिसेल असा. हे मुद्दाम असतं. टाकताना मोठं बटण हो म्हणायला, काढताना मोठं बटण नाही म्हणायला. तीन वेळा 'नक्की का?' विचारून झालं, मग तो गेला आणि जाता जाता ब्राउझरमध्ये 'का सोडून गेलात' म्हणून फॉर्म उघडून गेला.

हवामानवाला निमूटपणे गेला. बूस्टर जाईना. म्हणे, मी चालू आहे, आधी मला बंद करा. बंद केला की दहा सेकंदांत पुन्हा हजर. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, त्यात स्टार्टअपचा टॅब. तिथे बूस्टर आणि अपडेटर दोघंही कॉम्प्युटरबरोबर उठायला बसलेले. दोघांना डिसेबल केलं.

"आता रीस्टार्ट कर. शट डाऊन करून पुन्हा चालू नको करू हां, रीस्टार्टच."

मला वाटलं, एकच तर आहे. नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. रोज रात्री मी इमानदारीने शट डाऊन करत होते आणि समजत होते की कॉम्प्युटर रोज आंघोळ करतो. रीस्टार्टनंतर बूस्टर आणि अपडेटर दोघंही मुकाट गेले. मग अँटिव्हायरसची ट्रायल. ती आल्यापासून विंडोजचा आपला पहारेकरी, डिफेंडर, बाजूला झाला होता. ती काढून पुन्हा एक रीस्टार्ट दिला, तर डिफेंडर आपोआप जागेवर येऊन बसला.

पाचही गेले, तरी लाल डबा येतच होता. इथे मी रडकुंडीला आले होते. फॉरमॅटच मारावा लागणार, असं यांनीही दारातून सांगून टाकलं. भाच्याने त्या डब्याचा फोटो मागवला आणि म्हणाला, "मावशी, हा व्हायरस नाही. हे तर तूच परवानगी दिलेलं आहे." सोमवारी कुठल्या तरी पानाने 'नोटिफिकेशन दाखवू का?' विचारलं आणि मी अलाउ दाबलं होतं. ते ॲप नव्हतंच, त्यामुळे ॲप्सच्या यादीत सापडणार कसं? ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन. तिथे एक विचित्र नावाची साइट बसली होती. काढली. डबा बंद. ते भलतं शोधयंत्रही ब्राउझरच्या एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे ब्राउझरला चिकटवलेल्या जोडकामात, निघालं. तेही वेगळं घर, वेगळा दरवाजा. शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. कॉम्प्युटर स्वतःच बंद होऊन पंधरा-वीस मिनिटं निळ्या पडद्यावर काम करत राहिला. तेवढ्यात मी दोन संत्री सोलून खाल्ली.

इथे थांबायला हवं होतं. पण घर झाडायला घेतलं की माळ्यावरचंही दिसायला लागतं. यादी मोठी ते लहान अशी लावून मी एकेक उडवायला लागले. मुलाच्या शाळेच्या वेळचा गेम, गेला. जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, गेलं. मग एकाच नावाच्या आठ-दहा ओळी दिसल्या, व्हिज्युअल सी प्लस प्लस, पुढे २००८, २०१०, २०१३ अशी सालं. एवढी जुनी कशाला ठेवायची? सुदैवाने विचारलं. भाचा फोनवर ओरडलाच. ती म्हणे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी मिळून वापरायची भांडी आहेत. ज्या सालचं सॉफ्टवेअर, त्याला त्याच सालचं भांडं लागतं. हात लावायचा नाही.

त्याच झपाट्यात एक गोष्ट मी त्याला न विचारता केली. माझं जुनं मराठी टायपिंगचं पॅकेज. दोन वर्षांपासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, काम करते, हे उघडतही नाही, म्हणून काढून टाकलं.

रात्री नऊला पुन्हा पीडीएफकडे वळले. वर्ड स्वतःच पीडीएफ उघडतं, २०१३ च्या आवृत्तीपासून, हे भाच्याने सांगितलं तेव्हा मी काही बोलले नाही. उघडलं. चारही पानं चित्रं निघाली. काकांनी कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ केली होती. वर्डच काय, त्या पैसे मागणाऱ्या कन्व्हर्टरलाही त्यातली अक्षरं ओळखता आली असती का, शंकाच.

बरं, टाइप करू. त्यासाठी माझी जुनी 'निवेदन नमुना' फाइल उघडली, आणि पोटात गोळा आला. 'मा. मंत्रीमहोदय' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कंस, टिंबं, अर्धविराम, मध्येच एखादं मोठं अक्षर. पुढची फाइल उघडली, तिथेही तेच. बारा वर्षांचे अर्ज, नमुने, सगळं चिवडा.

भाचा झोपायच्या तयारीत होता. त्याने शांतपणे विचारलं, "मावशी, कृतिदेव होता का त्यात?" होता. पॅकेज काढताना त्याच्याबरोबर आलेले फॉन्टही गेले होते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटा गेला की खालचा चेहरा दिसतो. म्हणजे मजकूर जागेवर होता, फक्त वाचता येत नव्हता. रिस्टोअर पॉइंट वापरू का म्हटलं, तर तो सकाळचा. त्याने पॅकेज परत आणलं असतं आणि पाहुणेही.

साडेनऊला एका वकीलसाहेबांच्या कारकुनाला फोन केला. त्याच्याकडे तोच फॉन्ट होता. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून एवढीशी फाइल आली. राइट क्लिक, 'सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल'. वर्ड बंद करून उघडलं. मा. मंत्रीमहोदय, सविनय. मी खुर्चीत मागे टेकले.

निवेदन मात्र युनिकोडमध्येच टाइप केलं. पाऊण तास लागला. सोमवारीच बसले असते तर... जाऊ द्या.

झोपण्याआधी अपडेटचं काम उरकलं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत विंगेट, मग एक मोकळी जागा, मग अपग्रेड एवढं इंग्रजीत टाइप केलं की जुन्या झालेल्या ॲप्सची यादी येते. माझ्याकडे अकरा निघाली. पुढे दोन आडव्या रेघा देऊन ऑल लिहिलं की एकामागून एक नवी होतात, परवानगीला तेवढं अधूनमधून यस म्हणायचं. कुठल्याही साइटवर जायला नको, हिरवं बटण शोधायला नको. विंडोजचं दुखणं वेगळं. माझं मशीन सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचं, विंडोज ११ त्याला घरात घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायची सोय दिसली. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की पैसे पडत नाहीत. नोंदवून टाकलं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय झाली. त्यानंतर नवा घेऊ की भाचा म्हणतो तसं विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, यांच्याशी अजून बोलले नाही.

बुधवारी आठला काका आले, पिशवीत डझनभर संत्री. चष्मा लावून चारही पानं उभ्या उभ्या वाचली, तिसऱ्या मागणीत एक काना राहिला होता तो दाखवला. दुरुस्त करून पुन्हा प्रिंट दिली. दारात चपला घालता घालता म्हणाले, "ताई, याची पीडीएफ करून माझ्या व्हॉट्सॲपवर टाकता का? तुमच्याकडे त्याचं काही सॉफ्टवेअर असेल न?"

कंट्रोल-पी, यादीतला मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ. जिना उतरेपर्यंत त्यांचा मोबाइल वाजला.