पनामा कालवा: गेटं पाहिली, मग ती बांधणारी माणसं शोधली

पनामा सिटीतून टॅक्सी करून सकाळीच कालव्यावरच्या मिराफ्लोरेसला पोचलो. गॅलरीत तोबा गर्दी. समोर एक भलंमोठं जहाज लॉकमध्ये, म्हणजे गेटं असलेल्या पाण्याच्या हौदात, शिरत होतं, दोन्ही बाजूला भिंत आणि जहाज यांच्यात हातभर जागा, आणि भिंतीवरच्या रुळांवरून छोटी इंजिनं दोर ताणून त्याला मधोमध धरून चालली होती. त्या इंजिनांना इथे खेचरं म्हणतात. गेट बंद झालं आणि आठ-दहा मिनिटांत ते अख्खं धूड डोळ्यांदेखत वर आलं! पंप एकही नाही बरं का, वरच्या ‘गातून’ नावाच्या तलावाचं पाणी उतारानं खाली येतं आणि जहाजं उचलतं. समुद्रापासून 26 मीटर वर चढायचं, तलाव पार करायचा, पलीकडे उतरायचं, एकूण 82 किलोमीटर.

पण मला खरं खेचून आणलं ते कुलेब्राच्या खिंडीनं, म्हणजे कालव्यासाठी डोंगर कापून काढलेल्या वाटेनं. मी चिपळूणचा, कोकण रेल्वेनं जाणाऱ्या माणसाला दरड म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. इथे डोंगर कापायचा, की पावसात वरून दरड यायची, महिनोन् महिने केलेलं खोदकाम भरून जायचं, रूळ आणि मशीनं गाडली जायची, आणि परत पहिल्यापासून. सुएझ कालवा काढणारे फ्रेंच द लेसेप्स यांच्या कंपनीनं 1881 मध्ये इथे काम सुरू केलं ते समुद्रपातळीवरच कालवा काढायचा हे ठरवूनच, पण सुएझला वाळू होती आणि इथे डोंगर, पूर येणारी चाग्रेस नदी आणि पिवळा ताप. 1889 मध्ये कंपनी बुडाली. साधारण 22 हजार माणसं गेली असं मानतात. एक गोष्ट वाचून पोटात कालवलं, हॉस्पिटलमध्ये मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, आणि पिवळा ताप पसरवणारे डास त्याच पाण्यात वाढायचे. आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत कुंडीखालच्या बशा रिकाम्या करतात ना, अगदी तेच!

अमेरिकन आले 1904 ला. डॉक्टर गॉर्गस यांनी डासांच्या मागे लागून साचलेल्या पाण्यावर तेल टाकलं, घरोघर धुरी दिली आणि दोनेक वर्षांत पिवळा ताप संपवला, माझ्या मते या कालव्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. 15 ऑगस्ट 1914 ला कालवा सुरू झाला.

आता जे मनाला लागलं ते. खोदणारे बहुतेक बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरचे काळे मजूर, तासाला 10 सेंट, दिवसाला 10 तास. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्यात, यांना चांदीत, म्हणून पगाराच्या याद्यांची नावं गोल्ड रोल आणि सिल्व्हर रोल. पोस्टाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या! सरकारी आकड्यात अमेरिकन काळात 5,609 मृत्यू आहेत आणि त्यातले बहुतेक हेच लोक.

त्यांचं म्युझियम शहरात एका जुन्या लाकडी चर्चमध्ये आहे. मी गेलो तेव्हा आत मी एकटाच होतो. फोटोंमध्ये चिखलात गुडघाभर उभे असलेले पोरसवदा मजूर, हातात फावडी. प्रत्येकाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला असायचा, पगार तो दाखवून मिळायचा. मी दोन तास तिथेच होतो, बाहेर पाऊस कोसळत होता, अगदी आपल्या जूनसारखा. पनामाला गेलात तर मिराफ्लोरेस बघाच, पण आधी इथे जा.