येमेनी भाडेकरू आणि बोनाफाईडवरचे हरवलेले आजोबा

2019 च्या पावसाळ्यात आमच्या वरच्या खोल्यांत येमेनचा एक पोरगा राहायला आला. आयसीसीआरच्या (भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) स्कॉलरशिपवर एमएस्सीला. येमेनच्या राजधानीचं, सानाचं विमानतळ तेव्हा 2016 पासून प्रवाशांना बंद होतं, म्हणून बिचारा आधी रस्त्यानं एडनला, तिथून पुढं असं करत औरंगाबादेत पोचला. (शहराचं नाव तेव्हा तेच होतं.) प्रवेश झालेला, व्हिसा हातात. मला वाटलं, आता काय, भाडेकरार करायचा नि किल्ली द्यायची.

अडलं ते बोनाफाईडवर.

पासपोर्टवर त्याची चार नावं: स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, घराण्याचं. कॉलेजनं दिलेल्या बोनाफाईडवर तीनच. आजोबा गायब! एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, ऑनलाइन अर्जाला ते जोडलं, तर नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत. स्टुडंट व्हिसावर 180 दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्यानं आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची असते. आमचे नऊ गेलेले. नोंदणी नाही म्हणून बँक खातं उघडेना, खातं नाही म्हणून स्टायपेंड नाही. फी परस्पर कॉलेजला जाते हो, पण पोटाचं काय?

शेवटी मीच सोबत कॉलेजच्या ऑफिसात गेलो. पोरानं मित्रांकडून शिकलेलं हिंदी काढलं, "सर, दादा का नाम छूट गया."

बाबू माझ्याकडं बघून म्हणाले, "भावाचं नाव कशाला लावतो हा?"

"भाऊ नाही हो, आजोबा. हिंदीतला दादा."

"काका, आपल्याकडं तीनच असतात. नाव, वडलांचं, आडनाव. सॉफ्टवेअरमध्ये रकानेच तीन आहेत."

वडलांच्या रकान्यात दोन्ही घाला म्हटलं, तर तसं चालत नाही. साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, तर शिक्क्याच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडं तो रजेवर. तिसऱ्या दिवशी म्हणे अ‍ॅफिडेव्हिट आणा, दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून. चूक यांची, शपथ पोरानं घ्यायची! माझा आवाज चढला, कबूल करतो. तेव्हा कोपऱ्यातल्या टायपिस्ट बाई मान वर न करता म्हणाल्या, "लेटरहेडवर वर्डमध्ये टाइप करून देते की." पाच मिनिटांत चारही नावं, सही, शिक्का. तो तेरावा दिवस.

म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवरच पासपोर्टवरलं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: परदेशी भाडेकरू आला की घरमालकानं 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्मवर कळवायची असते (तेव्हा त्याला फॉर्म सी म्हणत). त्यासाठी मालकाची स्वतःची ऑनलाइन नोंदणी आधी मंजूर व्हावी लागते. ती पोरगं यायच्या आधीच करून ठेवा. मी आल्यावर धावपळ केली.

महिनाभरानं खातं उघडलं, एटीएम कार्ड आलं. कार्डावर नाव मावेना, शेवटची चार अक्षरं कापलेली. पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "चलेगा."