डब्ल्यू15, डब्ल्यू35 आणि रँकिंगचा हिशेब: माझा अनुभव

2025 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत पहिलाच सामना हरलेल्या खेळाडूलाही 35,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) डब्ल्यू15, म्हणजे महिलांची सर्वांत खालच्या पायरीची स्पर्धा जिंकली तरी एकेरीचे बक्षीस अडीच हजार अमेरिकी डॉलरच्या आत असते. मुख्य ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत हरलात तर दीडशेच्या आसपास. ग्रँड स्लॅमच्या त्या पात्रता फेरीत नाव लागायला रँकिंग साधारण अडीचशेच्या आत हवे. त्याखालच्या सगळ्यांचा खरा खेळ स्पर्धा निवडण्याचा आहे, असे माझे मत झाले आहे.

डब्ल्यूटीएच्या (महिला टेनिस संघटनेच्या) एकेरीच्या रँकिंग यादीत येण्यासाठी तीन स्पर्धांत गुण हवेत, किंवा एकूण किमान 10. गुण 52 आठवडे टिकतात. 2024 पासून स्पर्धेच्या नावातला आकडा म्हणजे विजेतीचे गुण. डब्ल्यू15 मध्ये दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरी गाठली की 3 गुण. डब्ल्यू35 मध्ये तेवढ्याच विजयांचे 8, आणि एकाच विजयाचे 4. मग सरळ डब्ल्यू35 च का नाही? कारण तिथे मुख्य ड्रॉचा कटऑफ, म्हणजे थेट प्रवेशाला लागणारे रँकिंग, वर असतो. पात्रता फेरीतून यावे लागले तर अंगात आधीच्या सामन्यांचा थकवा असतो, तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा मॅच टायब्रेक असतो (तिथे दोन वाईट सर्व्हिस म्हणजे घरी), आणि मिळणारे गुण जवळजवळ शून्य. म्हणून मी मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याची ॲक्सेप्टन्स लिस्ट (प्रवेश मिळालेल्या खेळाडूंची यादी) काढते. शेवटचे थेट प्रवेशाचे रँकिंग माझ्या जवळपास असेल तरच डब्ल्यू35. नाहीतर डब्ल्यू15 चा मुख्य ड्रॉ.

एंट्री आयपिन या आयटीएफच्या खेळाडू-खात्यावरून होते, आणि इंटेग्रिटीचा (सामना-निश्चितीविरोधी) ऑनलाइन कोर्स बाकी असेल तर ती अडते. मुदत स्पर्धेच्या सोमवारआधी 18 दिवस, गुरुवारी 14:00 जीएमटी, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. विनादंड नाव मागे घ्यायची शेवटची वेळ आधीच्या तेराव्या दिवशी, मंगळवारी, तीच. युरोपच्या व्हिसाला यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे ॲक्सेप्टन्स लिस्टची वाट पाहणारी खेळाडू हमखास अडकते. मोसमाच्या सुरुवातीलाच मल्टिपल एंट्रीचा अर्ज करावा. शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) कोणत्याही 180 दिवसांत 90 च दिवस राहता येते, म्हणून मध्ये तुर्कस्तानातले अंताल्या किंवा ट्युनिशियातले मोनास्तिर येतात. तिथे एकाच जागी आठवड्यामागून आठवडे डब्ल्यू15 होतात, विमानाचे भाडे एकदाच पडते. हॉटेल मात्र बहुधा स्पर्धेचेच घेतले जाते आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. लवकर हरलात तरी पुढच्या आठवड्यापर्यंत बिल चालूच. म्हणून खोली दुहेरीच्या पार्टनरबरोबर. दुहेरीचे पैसे थोडे असतात, पण एकेरीत हरल्यावर तेवढेच सामने उरतात.

पुण्याचा डेक्कन जिमखाना, सोलापूर, नागपूर, नवी मुंबई इथे महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. मराठी मुलीसाठी हे आठवडे सोन्याचे: हॉटेल वाचते, वाईल्ड कार्डची (रँकिंग नसतानाही आयोजकांकडून मिळणाऱ्या प्रवेशाची) शक्यता असते.

स्ट्रिंगचा खर्च लोक धरतच नाहीत. पॉलिस्टरची 200 मीटरची रीळ स्वतःची न्यावी. एका रॅकेटला 12 मीटर धरले तर सोळा रॅकेट निघतात आणि स्पर्धेच्या ठिकाणी फक्त मजुरी द्यावी लागते. उंचावर, बंगळुरूसारख्या ठिकाणी, चेंडू जास्त उडतो. मी टेन्शन (स्ट्रिंगचा ताण) एक किलोने वाढवते. पॉलिस्टर सहसा तुटत नाही, पण मरते, म्हणजे त्याचा ताण जातो. न तुटल्याच्या आनंदात तीच स्ट्रिंग आठवडाभर वापरली की कोपर दुखू लागते, आणि मग फिजिओचे बिल रिळीपेक्षा जास्त येते.

सामना हरल्यावर सट्टेबाजांच्या शिव्या फोनवर येतात, अगदी डब्ल्यू15 लासुद्धा. उत्तर देऊ नये. स्क्रीनशॉट घेऊन तक्रार करावी. कुणी सेट सोडायचे पैसे देऊ केले तर नुसता नकार पुरत नाही, ते आयटीआयएला (टेनिसमधल्या भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला) लगेच कळवणे बंधनकारक आहे. गप्प राहिले तरी कारवाई होते.