विमानाने का नाही गेलात?

एप्रिलमध्ये ताडोबाला जाऊन आल्यापासून भेटेल तो विचारतो, "सासूबाईंना घेऊन पुण्याहून गाडीने? एवढ्या उन्हात? नागपूरपर्यंत विमानाने का नाही गेलात?" वाघाचं नंतर विचारतात. त्याचं आधीच सांगून टाकते: दिसला. पहिल्याच सफारीला, अर्ध्या तासात. पाणवठ्यात मागचं अंग बुडवून बसला होता. मुलं खूश, नवरा खूश, पैसे वसूल.

आता विमानाचं. सासूबाईंचं माहेर ताडोबाजवळच्या चिमूरकडचं. तिकिटं काढायला मी लॅपटॉप उघडला, तर त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी महाराष्ट्र एक्सप्रेसने माहेरी गेले. भुसावळ, अकोला, बडनेरा, सगळे फलाट पाठ आहेत. मधला मुलूख तेवढा बघायचा राहिलाय." यावर काय बोलणार? लॅपटॉप मिटला.

अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात मारणारे लोक आहेत, आम्ही त्यातले नाही. पहाटे चारला निघालो, जालन्याला समृद्धी महामार्गावर चढलो आणि रात्री वर्ध्याला मुक्काम केला. समृद्धीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एकशेवीसची परवानगी आहे, समोर रस्ता सरळसोट, आणि दुपारी दोन वाजता नवऱ्याची मान डुलायला लागली की जीव मुठीत येतो. म्हणून दर दीड तासाला थांबायचं, घरून निघण्याआधीच टायरमधली हवा बघून घ्यायची आणि पाणी नि पोळीभाजी घरचीच ठेवायची. तिथे जनावरांना रस्ता ओलांडता यावा म्हणून वरून हिरवे पूल बांधलेत. मुलं प्रत्येक पुलाकडे डोळे लावून बसली होती, वरून नीलगाय डोकावेल म्हणून. डोकावली नाही.

सासूबाईंची भाषा मात्र रस्त्याबरोबर बदलत गेली. जालन्यापर्यंत "का रे, एवढ्या जोरात का चालवतोस?" असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी जाम गाव सोडून गिरडचा रस्ता धरला आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "काऊन बापा, एवढी घाई काऊन करून राहिला?" मुलं खो खो हसली. नवऱ्याने वेग कमी केला तो आईच्या भीतीने की त्या 'काऊन'मुळे, कोण जाणे. त्यानंतर त्या खिडकीबाहेरची झाडं ओळखत बसल्या. साग सगळ्यांना येतो. ऐन, धावडा, तेंदू चालत्या गाडीतून ओळखणं वेगळं. पुण्यातल्या सोसायटीत मी त्यांना कधी कुठल्या झाडाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

त्याच रस्त्यावर त्यांनी मुलांना तारूची गोष्ट सांगितली. तारू हा गोंडांचा एक प्रमुख, वाघाशी लढताना मेला. लोक त्याला देव मानतात, त्याचं ठाणं ताडोबाच्या तळ्याकाठी आहे आणि पौषात तिथे जत्रा भरते. जंगलाला नावही त्याचंच. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे. लेकाने विचारलं, "मग आजी, वाघ जिंकला तर देव वाघाला का नाही केलं?" त्या म्हणाल्या, "त्यालेही हात जोडतोच ना रे."

ताडोबाच्या कोलारा गेटवर मोबाइल आत नेता येत नाहीत, ते मला फार आवडलं. जिप्सीत गाइड कॉल, म्हणजे जनावरांचे इशाऱ्याचे आवाज, ऐकत होता. चितळ ओरडलं, मग वानर खोकल्यासारखं खाकरलं, आणि ड्रायव्हरने काही न बोलता गाडी पाणवठ्याकडे वळवली. पुढचं वर सांगितलंच आहे. आजूबाजूच्या जिप्सींत कॅमेरे कडकडत होते. सासूबाईंनी एकदाच बघितलं, हात जोडले आणि परत निघेपर्यंत मान खाली घालून बसल्या. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? हळूच म्हणाल्या, "जनावराकडं एवढं टक लावून बघू नये." दुपारच्या सफारीला त्या आल्याच नाहीत. त्यांची जागा आधीच भरलेल्या पैशांसकट रिकामी फिरली, आणि खरं सांगायचं तर मला थोडा राग आला होता.

तो उतरला सफारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मंगळवार, म्हणजे सफारीला सुट्टी. आम्ही त्यांच्या गावाकडे निघालो होतो. उजाडलं होतं, ऊन अजून चढलं नव्हतं. रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली चार-पाच बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. "थांबव," म्हणून सासूबाई गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या. गुडघ्यांचं दुखणं असलेली बाई तिथे उकिडवी बसली आणि वेचायला लागली. मोहफुलं म्हणजे मला वाटायचं नेहमीसारखी पाकळ्यांची फुलं असतील. ती फिकट पिवळसर, रसाळ गोळ्यांसारखी असतात, पहाटे झाडावरून आपोआप गळतात. मी एक तोंडात टाकलं. गोड, आणि मागून एक उग्र वास. अस्वलंही ह्याच फुलांवर टपून असतात, असं त्या बाया म्हणाल्या. पहाटे एकटीने यायचं नाही, सतत मोठ्याने बोलत राहायचं, एक जण उभी राहून लक्ष ठेवणार. वाकलेल्या माणसावर वाघ झडप घालतो. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं नि तेंदूपत्ता वेचताना माणसं गेल्याच्या बातम्या आपण पुण्यात वाचतो आणि पान उलटतो.

माझ्या लेकीने उत्साहाने विचारलं, "मावशी, तुम्हाला रोज वाघ दिसतो?"

उभी असलेली बाई हसली. "आमाले दिसला नाई म्हणजे दिवस बरा गेला, बाई."

सासूबाईंनी मान वर केली नाही. त्या वेचत राहिल्या. लेकीने आदल्या दिवशी वहीत काढलेला वाघ त्या बाईला दाखवायला आणला होता. तिने वही हळूच पाठीमागे धरली.

निघताना बायांनी पदरातली दोन ओंजळी फुलं सासूबाईंच्या पिशवीत ओतली. ती पिशवी डिकीत ठेवायची हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, ती मागच्या सीटखाली राहिली. बेचाळीस अंशांत, बंद गाडीत, मोहफुलं, ज्यांची दारू गाळतात तीच. परतताना जालना येईपर्यंत गाडीला गुत्त्याचा वास लागला होता. पेट्रोल पंपावर नवऱ्याने काच खाली केली, तसा पोरगा एक पाऊल मागे सरकला, आत डोकावला आणि फार अदबीने म्हणाला, "साहेब, पुढे गाडी वहिनी चालवणार का?"