श्वास १८, नाडी ७८

ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेतल्या शाळांचे वर्ग दिंड्यांसाठी उघडतात. अशाच एका शाळेच्या तळमजल्यावर आमचं तपासणी केंद्र होतं. दोन टेबलं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, बाकं जोडून केलेला एक पलंग, एक डॉक्टर, मी आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाच्या तीन विद्यार्थिनी. पहिल्या टेबलावर टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी, दुसऱ्यावर मलमपट्टी. गर्दी अर्थातच दुसऱ्यावर. वारीत माणूस येतो तो पायाच्या फोडासाठी, बाकी सगळं आपण त्याच्या गळ्यात मारायचं.

परभणीकडच्या एक माउली अंगठ्याखालचा फोड दाखवायला आल्या. वय साठीच्या आसपास, नऊवारी, हातात तुळशीचं वृंदावन. फॉर्म पहिल्या टेबलावरून भरून आला होता: ताप ९८.४, नाडी ७८, श्वास १८, बीपी ११८/७६, ऑक्सिजन ९५. या कागदावर कुणी दुसऱ्यांदा नजर टाकणार नाही.

ड्रेसिंग करताना आपण खाली बसलेलो असतो आणि पेशंट खुर्चीवर, त्यामुळे गळा बरोबर डोळ्यांसमोर येतो. प्रत्येक श्वासाला गळपट्टीच्या हाडामागचा खळगा आत ओढला जात होता. बोलताना वाक्य मध्येच तुटत होतं. "काय नाय गं माय," दम, "पाय तेवढे सुजलेत." मागच्या बाई म्हणाल्या, "रातभर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आडवं पडलं की जीव घाबरा होतोय म्हणत्यात."

एवढं ऐकल्यावर श्वास मोजल्याशिवाय पुढे जायचं नसतं. फॉर्मवरचा १८ हा मोजलेला नव्हता. पान उलटून पाहिलं तर त्या रकान्यात १८, १८, २०, १८, १८ अशी रांग. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही, वॉर्डातही हेच चालतं. ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, सगळ्यांना यंत्र आहे. श्वासाला घड्याळ आणि एक अख्खा मिनिट लागतो, म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो, आणि अंदाज नेहमी नॉर्मलच निघतो.

मोजायची रीत साधी आहे, फक्त पेशंटला सांगायचं नाही. "आता श्वास मोजते" म्हटलं की माणूस श्वास सावरतो आणि आकडा बदलतो. नाडी बघतो असं दाखवून मनगट धरायचं आणि त्यांचाच हात त्यांच्या पोटाच्या वरच्या भागावर टेकवून ठेवायचा. पदराआड छाती दिसत नाही, पण हात वरखाली होतो. वर आणि खाली मिळून एक. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंदांना चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. आकडा आला २६. प्रौढ माणसाला बसलेल्या स्थितीत १२ ते २० चालतो.

मनगट हातात होतंच, नाडीही बोटाखाली होती, आणि तिला ठेका नव्हता. दोन ठोके जवळजवळ, मग पोकळी, एक जोरकस, तीन बारीक. काही अनियमित नाड्यांना स्वतःचा क्रम असतो, दर चौथा ठोका गळतो वगैरे. इथे कसलाच क्रम नव्हता. अशा नाडीत पंधरा सेकंदांचा हिशेब किती फसवतो ते तिथल्या तिथे दिसलं. चार तुकड्यांत १९, २४, २१, २० ठोके लागले. पहिला तुकडा धरला तर मिनिटाला ७६, दुसरा धरला तर ९६. खरी बेरीज ८४.

ही ८४ देखील हृदयाची गती नव्हे. मनगटावर आपण फक्त पोचलेले ठोके मोजतो. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत असले की खालच्या कप्प्याला वेळीअवेळी इशारे मिळतात. दोन ठोक्यांमधलं अंतर फार कमी पडलं की कप्पा भरायच्या आतच आवळला जातो. आवाज होतो, पण मनगटापर्यंत लाट येत नाही. ऑक्सिमीटरही बोटात आलेल्या लाटाच मोजतो, म्हणून त्याचा ७८ मनगटाइतकाच खोटा. त्याच्या पडद्यावरचा आकडा ७४ आणि ९२ च्या मध्ये नाचत होता. विद्यार्थिनीने त्यातला एक क्षण टिपला, इतकंच.

अशा वेळी दोघांनी मिळून मोजायचं. एकीने स्टेथो एपेक्सवर, हृदयाच्या टोकावर ठेवायचा, म्हणजे डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत, गळपट्टीच्या मध्यावरून खाली सोडलेल्या रेषेवर. बायकांमध्ये स्तन उचलून त्याखाली. दुसरीने मनगट धरायचं. घड्याळ एकच, "सुरू" आणि "बस" एकीनेच म्हणायचं. पूर्ण मिनिटाअखेर एपेक्सला १२८, मनगटाला ८४. पल्स डेफिसिट, म्हणजे मनगटापर्यंत न पोचलेले ठोके, ४४. जिने फॉर्म भरला होता तिच्याच कानात स्टेथो दिला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा मोजू का विचारलं. पुन्हा १२४ आणि ८२.

बीपीची गोष्ट थोडी वेगळी. डिजिटल यंत्र कफमधले नाडीचे हेलकावे वाचतं, आणि हेलकावे असे विस्कटलेले असले की त्याचा गोंधळ होतो. आधी दोनदा एरर आला होता, तिसऱ्यांदा ११८/७६ मिळाल्यावर तोच लिहिला गेला. शिवाय चोळीची घट्ट बाही वर सारून तिचा दंडाला आवळा बसला होता, त्याखाली कफ, आणि हात मांडीवर खाली पडलेला. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर वरचं बीपी साधारण ७-८ ने वाढून येतं.

हाताने घेतलं. बाही पूर्ण काढली, पाठ टेकवली, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. आधी नाडीवर बोट ठेवून हवा भरायची, नाडी गेली तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडून मग त्याच्या ३० वर जायचं. हे न करणाऱ्यांना कधीकधी मधली शांत जागा, जिथे आवाज थोडा वेळ गायब होऊन परत येतो, ती फसवते आणि १८० चं बीपी १४० लिहिलं जातं. हवा सोडायचा वेग एरवी सेकंदाला २-३ मिलिमीटर. अशा नाडीत त्याहून सावकाश, एका ठोक्याला २ पेक्षा जास्त नाही, नाहीतर पहिला आवाज नेमका पोकळीत पडतो आणि निसटतो. तीनदा घेतलं: ११२/७०, १२४/७८, १०४/६६. सरासरी ११३/७१. तीनही आकडे लिहायचे, कारण त्यांच्यातला फरक हीही माहिती आहे.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली न्यूज नावाची, पेशंट किती बिघडलाय ते आकड्यांवरून सांगणारी गुणपद्धत आहे. तिच्यात पहिला कागद धरला तर फक्त ऑक्सिजन ९५ चा १ गुण, म्हणजे बाई फोड बांधून मोकळ्या. दुसरा धरला तर श्वास २६ चे ३, नाडी १२८ चे २, ऑक्सिजनचा १, एकूण ६. पाचपासून पुढे डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं. माणूस तोच, दोन कागदांत अर्ध्या तासाचंही अंतर नाही.

पायाच्या सुजेबद्दल मात्र घाई करू नये. आळंदीहून चालत आलेल्या निम्म्या पायांना संध्याकाळी सूज असते. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरला, खड्डा पडला आणि राहिला. एवढ्याने काही ठरत नाही. तसाच अंगठा वर वर नेला तर गुडघ्याखालपर्यंत खड्डे, दोन्ही पायांना, आणि सकाळची वेळ असूनही. मग कमरेखाली माकडहाडापाशी दाबून पाहिलं, कारण रात्रभर बसलेल्या माणसाचं पाणी तिथेही उतरतं. तिथेही होता.

मानेची शीर बघायला पेशंट ४५ अंशांत टेकलेला लागतो आणि बाकांच्या पलंगाला तसली सोय कुठली! लाकडी खुर्ची पाठीमागे उलटी टाकली, तिच्या पाठीवर घोंगडी, आणि कोन जमला. उजेड बाजूने. छातीच्या हाडावर दुसरी बरगडी मिळते तिथल्या उंचवट्यापासून फुगलेल्या शिरेचं वरचं टोक उभ्या मापाने तीन-चार सेंटिमीटरच्या आत असावं. इथे ते कानाच्या पाळीच्या जवळ होतं.

बाहेर भजन जोरात होतं. चिपळ्यांत फुप्फुसं ऐकू येत नाहीत, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. चोळीवरून स्टेथो ठेवला तर कापडाची खसखस अगदी क्रेप्ससारखी, फुप्फुसातल्या चुरचुरीसारखी वाटते, त्यामुळे पाठ उघडी हवीच. आधी खोकायला सांगितलं. खोकल्यानंतर जे आवाज जातात ते कफाचे, सोडून द्यायचे. खाली दोन्ही बाजूंना बारीक चुरचुर राहिली. डॉक्टरांनी मग डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून थांबवून, एपेक्सला स्टेथोची बेलची, म्हणजे वाटीसारखी बाजू अलगद टेकवली. अलगद म्हणजे खरंच अलगद, दाबली की त्वचा ताणते आणि खालच्या पट्टीची घरघर ऐकूच येत नाही. ती घरघर त्यांना मिळाली. जास्त वेळ आडवं ठेवलं नाही, पाय खाली सोडून बसवलं आणि १०८ ला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सासवडचा टप्पा होता, मध्ये दिवे घाट. बाईंना तो चढायचाच होता. "फोड बांध नि सोड," एवढंच मागणं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. एपेक्सवरचा स्टेथो बाईंच्याच कानात दिला आणि मनगटावर त्यांचंच बोट ठेवलं. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "हे दोन इगळे हायेत." वृंदावन दिंडीतल्या जावेकडे दिलं आणि गाडीत बसल्या. गाडीबरोबर कागद गेला त्यावर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे वेळेसह होते, आधीचे खोडले नव्हते. तिकडच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) आकुंचलेली निघाली.

फोड बांधायचा राहून गेला होता, तो गाडीत बांधला.

दुपारनंतर श्वासाच्या रकान्यात १५, १९, १७, १४ असे आकडे दिसू लागले. एका बाबांच्या फॉर्मवर २४ आला आणि मुलीने धावत येऊन दाखवला. ते तिसऱ्या मजल्यावरून नुकतेच उतरून आले होते. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजायला लावला. १७.