गस्त घालणाऱ्याने काय सोडून द्यावं

विकिपीडियावर चांगलं लिहिणारी माणसं हळूहळू लिहिणं सोडून गस्तीलाच, म्हणजे इतरांनी केलेले बदल तपासण्यालाच, लागतात, आणि मग एक दिवस दिसेनाशी होतात. लेख कधीतरी पुरा होतो, ‘अलीकडील बदल’ हे ताज्या संपादनांची यादी दाखवणारं पान मात्र कधीच संपत नाही. जेवताना, प्रवासात, झोपण्याआधी ‘एकदा बघून घेऊ’ म्हणत ते उघडलं जातं आणि प्रत्येक वेळी तिथे काहीतरी बिघडलेलं असतंच. हा ताण कामाच्या ढिगापेक्षा सगळंच आत्ता करायला हवं या भावनेतून येतो, असं माझं ठाम मत आहे. एकदा जतन झालेली आवृत्ती पानाच्या इतिहासात राहते. आज उडवलेला परिच्छेद पुढच्या महिन्यातही परत आणता येतो.

खरोखर तातडीच्या गोष्टी तीनच. जिवंत व्यक्तीबद्दलची बदनामी, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची धमकी. बदनामी लगेच उलटवावी, म्हणजे तो बदल रद्द करून पान पूर्ववत करावं. खाजगी माहितीबद्दल चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या जाहीर चर्चेच्या पानावर, लिहू नये, कारण तसं लिहिलं की ज्यांनी पाहिली नव्हती तेही शोधायला जातात. ती उलटवताना संपादनाच्या सारांशात तिचा उल्लेख टाळावा आणि आवृत्ती लपवण्यासाठी प्रचालकाला (विकीवर जादा अधिकार असलेला सदस्य) किंवा स्टुअर्डना (सगळ्या विकींवर असे अधिकार असलेले स्वयंसेवक) खाजगीत कळवावं. धमकी विकिमीडिया फाउंडेशनच्या आणीबाणीच्या ईमेलवर, त्या बदलाच्या दुव्यासह पाठवावी. ती खरी की पोकळ हे स्वयंसेवकाने ठरवायचं नसतं. बाकी सगळं उद्यापर्यंत थांबू शकतं.

यादीत प्रत्येक बदलापुढे हिरवा किंवा लाल आकडा असतो. तो बाइट्समध्ये असतो आणि फरक ५०० च्या वर गेला की ठळक होतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट्स घेतं. त्यामुळे इंग्रजीत ऐंशीएक शब्द गेल्यावर जो आकडा ठळक होतो, तो मराठीत २५-३० शब्दांतच होतो. लाल आणि ठळक दिसलं की धावणारा माणूस बरेचदा कुणीतरी नीट विचार करून काढलेलं दुबार वाक्य परत आणून ठेवतो आणि एका नव्या सदस्याला दुखावून बसतो. आकड्यावर जाऊ नका, फरक उघडून वाचा.

द्रुतमाघार (रोलबॅक) या कळीचंही तसंच. ती शेवटच्या सदस्याचे सलग बदल एका फटक्यात उलटवते. खोडकराने दोन अंकपत्त्यांवरून (आयपी अॅड्रेसवरून) हात मारला असेल, तर दुसऱ्या पत्त्याचं काम उलटतं आणि पहिल्याचा उत्पात शाबूत राहतो. वर जाणत्या सदस्याचं नाव लागल्याने पुढचा माणूस पान तपासलेलं समजतो. अशा वेळी इतिहासात जाऊन शेवटची चांगली आवृत्ती उघडावी आणि तीच संपादन म्हणून जतन करावी.

शिव्या लिहिलेल्या पानाला फारसा वेळ लागत नाही. जीव खातो तो दुसरीकडून उचलून चिकटवलेला मजकूर. त्यातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायचं, सापडलेल्या संकेतस्थळावरची तारीख बघायची, आणि मग खरा प्रश्न सोडवायचा: यांनी तिथून घेतलं की त्यांनी इथून? त्याचं उत्तर इतिहासात मिळतं. मजकूर वाक्यावाक्याने, वेगवेगळ्या हातांनी वाढला असेल तर बहुधा तो मूळचा इथलाच. एकाच संपादनात चार परिच्छेद अवतरले असतील तर बाहेरचा. प्रताधिकारभंग नक्की झाला की मजकूर काढायचा, आणि ज्याने तो टाकला त्याला समजावायचं. तो चिडतोच, त्याच्या दृष्टीने त्याने तासभर मेहनत केलेली असते. नुसता इशाऱ्याचा साचा, म्हणजे ठरलेला तयार मजकूर, डकवला तर तो माणूस गेलाच. साच्याखाली स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं लिहावीत: कोणता मजकूर, कुठून आला, आणि तोच विषय आपल्या शब्दांत कसा मांडता येईल. धूळपाटीचा, म्हणजे सरावाच्या पानाचा, दुवा द्यावा. दिवसाला अशी २ प्रकरणं पुरे. तिसऱ्याला उत्तर देताना भाषा कडक होते, आणि कडक झालेलं वाक्यही इतिहासात कायम राहतं.

संपादनयुद्धात, म्हणजे दोघे एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा उलटवत असताना, इंग्रजी विकिपीडिया २४ तासांत एका पानावर ३ पेक्षा जास्त वेळा उलटवू देत नाही. व्यवहारात दुसऱ्या वेळेलाच थांबावं, चर्चा पानावर लिहावं आणि तिसऱ्या माणसाला बोलवावं. आपलं म्हणणं बरोबर असेल तर तो उलटवेल.

आता थोडं पसंतीक्रमांविषयी, म्हणजे खात्याच्या सेटिंग्जविषयी. निरीक्षणसूची म्हणजे आपण लक्ष ठेवत असलेल्या पानांची यादी. ‘मी संपादित केलेली पाने निरीक्षणसूचीत टाका’ ही खूण काढा, द्रुतमाघारीसाठीची वेगळी खूण असते तीही काढा. नाहीतर वर्षभरात सूचीत हजारो पानं साठतात. एखाद्या पानावर लक्ष ठेवायचंच असेल तर १ आठवडा किंवा १ महिना अशी मुदत घाला. मुदत संपली की ते आपोआप गळतं. ईमेल सूचना दिवसातून एकदाच, एकत्रित येतील असं ठेवा. सतत टोचणाऱ्या सदस्याच्या सूचना बंद करण्याची सोयही तिथेच आहे, आणि ती वापरण्यात काही गैर नाही.

सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा बॉट) चालवणाऱ्याने टूलफोर्जवर, म्हणजे असे बॉट जिथे चालतात त्या विकिमीडियाच्या सर्व्हरवर, दुसरा देखभालकर्ता आधीच जोडून ठेवावा, अंगात त्राण असताना. २०२२ मध्ये एक्सझेड युटिल्स हा फाइली आकुंचित करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प एकहाती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाकडे, काम संथ चाललंय म्हणून ईमेलवरून तगादा लावला गेला. मानसिक प्रकृती ठीक नसल्याचं त्याने लिहिलंही. पुढे मदतीला आलेल्या एका अनोळखी खात्याला अधिकार मिळाले, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच खात्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली चोरवाट (बॅकडोअर) उघडकीस आली. वारस शोधायचा तो गरज पडण्याआधी.

रजेवर जाताना सदस्य पानावर तसं लिहावं, अर्धवट प्रकरणांचे दुवे एका सहकाऱ्याला द्यावेत आणि खात्यातून बाहेर पडावं. परतल्यावर साठलेलं वाचत बसू नये. निरीक्षणसूचीवर सगळे बदल पाहिल्याची खूण करणारी कळ असते, ती दाबावी आणि आधी एक लेख लिहायला घ्यावा. गस्त आठवडाभराने.